उच्च उत्पन्न आणि संसाराची ओढाताण : नेरूळच्या नागरीकरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

‘ओढाताण’ हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात फार जुना आहे. गरिबी आणि ओढाताण यांमध्ये मराठी भाषक पूर्वीपासून भेद करीत आला आहे. गरिबाच्या घरी पैसा येत नाही. ओढाताणीच्या घरी तो येतो, मात्र येण्यापूर्वीच त्यावर वाणी, घरमालक, शाळा, विमा आणि नातेवाईक यांचे हक्क लागलेले असतात. महिनाअखेरीस हाती काही उरत नाही आणि कशावर उधळले असेही सांगता येत नाही. ही अवस्था पूर्वी कारकून, शिक्षक आणि पेढीवरील मुनीम यांची समजली जात असे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र ती चांगल्या पगाराच्या कुटुंबांतही दिसू लागली आहे. नवी मुंबईतील नेरूळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, उत्पन्न देशातील बहुसंख्य कुटुंबांच्या कितीतरी पट आहे, तरीही घरात सतत हिशेब चालू असतो.

या तक्रारीकडे सामान्यतः दोन प्रकारे पाहिले जाते. पहिल्या दृष्टीने हे केवळ सुखवस्तूंचे रडगाणे ठरते. दुसऱ्या दृष्टीने तो उपभोगवादाचा परिणाम ठरतो आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या उपदेशावर विषय संपतो. दोन्ही दृष्टींत तथ्यांश आहे. परंतु दोन्हीही इतिहास विचारात घेत नाहीत. ज्या नगराची उभारणीच जमिनीच्या किमतीतून खर्च वसूल करण्याच्या तत्त्वावर झाली, तेथे राहणाऱ्या कुटुंबाचा ताळेबंद त्या तत्त्वापासून वेगळा काढता येत नाही. नेरूळमधील ओढाताणीचे मूळ स्वयंपाकघरातील खर्चाच्या वहीत जितके आहे, त्याहून अधिक ते नगराच्या अर्थरचनेत आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मुंबईतील पूर्वपीठिका

मध्यमवर्गीय कुटुंबाचा जमाखर्च हा शासकीय चौकशीचा विषय मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या काळात प्रथम कामगारवर्गाच्या कौटुंबिक अंदाजपत्रकांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९२८ मध्ये मुंबई शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या अंदाजपत्रकांवर स्वतंत्र अहवाल निघाला. पांढरपेशा माणसाचा पगार आणि त्याच्या राहणीचा दर्जा यांत अंतर पडत आहे, याची दखल सरकारला घ्यावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अशा पाहण्यांमागे युरोपातील दोन संख्याशास्त्रीय निरीक्षणांचा वारसा होता. एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये असे मांडले की, उत्पन्न वाढत जाते तसतसा अन्नावरील खर्चाचा त्यातील हिस्सा कमी होत जातो. हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्ये बर्लिनमधील आकडेवारीवरून घरभाड्याविषयी तसेच अनुमान काढले. एंगेलचा नियम आजही टिकून आहे. श्वाबेचे अनुमान मात्र नेरूळमध्ये उलटे झालेले दिसते. तेथे पगार वाढला की घराचा हिस्सा कमी होण्याऐवजी घर मोठे होते, आणि हिस्सा तेवढाच राहतो किंवा वाढतो.

मुंबईत ही उलथापालथ लगेच झाली नाही, याचे कारण भाडेनियंत्रण कायद्यात सापडते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, भाडेवाढीवर पहिला निर्बंध आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाणभूत मानले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात येईपर्यंत तोच कायदा चालू होता. गिरगाव, दादर, परळ येथील भाडेकरू कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्या गोठलेल्या भाड्यात राहिल्या. या व्यवस्थेचे दुष्परिणाम सर्वज्ञात आहेत. पागडी वाढली, मालकांनी दुरुस्ती थांबवली, इमारती खचल्या आणि नवी भाड्याची घरे बांधणे जवळजवळ बंद पडले. परंतु ज्याच्याजवळ खोली होती त्याच्या मासिक खर्चात भाडे हा नगण्य आकडा होता. त्या कुटुंबाची अडचण जागेची होती. दहा माणसे दोन खोल्यांत झोपत. पाहुणा आला की गॅलरीत वळकटी पडे. पगारातून भाडे वजा जाऊन उरणारी रक्कम किराणा, औषधपाणी, मुलांची फी आणि गावाकडची मनिऑर्डर यांना पुरवावी लागे. त्या ओढाताणीत एक लवचीकता होती: एखाद्या महिन्यात दूध कमी करता येई, दिवाळीचे कापड पुढे ढकलता येई. खर्चाचा मोठा भाग गृहिणीच्या हातात होता, बँकेच्या नव्हे.

नेरूळला आलेल्या पहिल्या पिढीने ही अडचण मागे टाकली. तिला जागा मिळाली. मोबदल्यात तिने लवचीकता दिली.

जमीन हेच भांडवल

१९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढील वर्षी नव्या शहराच्या विकासाचे काम तिच्याकडे सोपवण्यात आले. सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि ९५ गावे या प्रकल्पात आली. १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करणे हा त्याचा मुख्य हेतू होता. समाजातील निरनिराळ्या थरांना मिळणाऱ्या सोयींमधील तफावत कमी करावी, असाही उद्देश त्यात नमूद होता. पुढे जे घडले ते या दुसऱ्या उद्देशाच्या प्रकाशात वाचावयास हवे.

शहर बांधण्यासाठी शासनाने सिडकोला मोठी रोकड दिली नाही. तिचे खरे भांडवल जमीन हेच होते. शेतकऱ्यांकडून संपादित झालेली शेते, मिठागरे आणि खाजण विकसित करावयाचे, भूखंड भाडेपट्ट्याने द्यावयाचे आणि त्या अधिमूल्यातून रस्ते, मलनिःसारण, उद्याने, पुढील नोड आणि रेल्वे उभी करावयाची, अशी ही रचना होती. नियोजनशास्त्रात तिची पुष्कळ प्रशंसा झाली आहे. करदात्यावर बोजा न टाकता शहर स्वतःच्या पायावर उभे राहते, हा तिचा गुण खराच. परंतु ‘स्वतःच्या पायावर’ याचा अर्थ प्रत्यक्षात जमीन घेणाऱ्याच्या खिशावर असा होतो. बिल्डर भूखंडासाठी जितकी बोली लावतो तितकी सदनिका महाग होते आणि तो भार शेवटी सदनिका घेणाऱ्या कुटुंबाकडे येतो.

रेल्वे हे याचे उत्तम उदाहरण होय. मानखुर्द-वाशी मार्ग मे १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ मध्ये गाडी नेरूळला पोहोचली. या मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सिडकोने आणि एक-तृतीयांश रेल्वेने उचलला. शिवाय प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार लावण्यात आला. म्हणजे नेरूळच्या रहिवाशाने आपल्या लोकलचे पैसे दोनदा भरले, एकदा घराच्या किमतीतून आणि पुन्हा रोजच्या भाड्यातून. रेल्वे आल्यामुळे जमिनीचे भाव चढले, आणि चढलेल्या भावाने त्यानंतर आलेल्या कुटुंबाकडून तिसऱ्यांदा वसुली केली, असेही म्हणता येईल.

मूळ कल्पनेतील आणखी एक गोष्ट अपुरी राहिली. राज्याची प्रशासकीय केंद्रे आणि त्यांसोबत नोकऱ्या खाडीपलीकडे येतील असे नियोजनकर्त्यांना वाटत होते. मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाने मुंबईतच दुसरे व्यापारी केंद्र उभे केले. बेलापूरला कोकण रेल्वेचे मुख्यालय, रिझर्व्ह बँकेचे कार्यालय, सिडको भवन असे काही आले, महापे आणि कोपरखैरणे भागात माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या. तरी वरच्या पगाराच्या अनेक नोकऱ्या मुंबईतच राहिल्या आणि हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सुमारे तासभराचा प्रवास चालू राहिला. हा वेळ जमाखर्चात दिसत नाही. मात्र तो पाळणाघर, स्वयंपाकाची बाई, ट्यूशन आणि बाहेरून मागवलेले जेवण या रूपांत वहीत उतरतोच.

पाण्याचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तो या चित्राला अपवाद आहे. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली आणि २००२ मध्ये तिने मोरबे धरण स्वतःच्या मालकीचे केले. स्वतःचे धरण असलेल्या महापालिका देशात मोजक्याच आहेत. डोंबिवली-कल्याणकडील कुटुंबे टँकरवर जो खर्च करतात तो नेरूळच्या कुटुंबाला सहसा करावा लागत नाही. सार्वजनिक संस्थेने भांडवली खर्च एकदाच उचलला तर घरगुती ओझे किती हलके होते, याचा हा जवळचाच पुरावा आहे.

हप्त्याचे युग

नेरूळ स्थानकाच्या पूर्वेस आणि पश्चिमेस सिडकोने बांधलेली जुनी घरे पाहिली म्हणजे पहिल्या पिढीचे आर्थिक जग समजते. चार मजले, लिफ्ट नाही, खोल्या लहान, मध्ये मोकळी जागा. सोडतीत घर लागलेला बँक कर्मचारी, शिक्षक किंवा शासकीय नोकर भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढी, पगारदारांच्या पतसंस्थेचे कर्ज घेई, पत्नीचे दागिने गहाण ठेवी आणि दहा-पंधरा वर्षांत मोकळा होई. एचडीएफसीची स्थापना १९७७ मध्ये झाली असली, तरी गृहकर्ज ही दीर्घकाळ वेळखाऊ आणि दोन अंकी व्याजाची गोष्ट होती. कर्ज महाग होते म्हणून ते लहान होते, आणि घरांच्या किमतीही त्या मर्यादेत राहत.

हे चित्र २००० नंतर पालटले. व्याजदर उतरत गेले. २००३-०४ च्या सुमारास गृहकर्ज ८ टक्क्यांच्या आसपास मिळू लागले. २००१ च्या सुमारास स्वतःच्या राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची आयकरातील वजावट दीड लाखापर्यंत नेण्यात आली. सहाव्या वेतन आयोगाचा लाभ १ जानेवारी २००६ पासून धरण्यात आला आणि थकबाकीची एकरकमी रक्कम हाती येणे व कर्ज सुलभ होणे या गोष्टी जवळपास एकाच काळात घडल्या. महाविद्यालयीन अध्यापकांच्या पिढीला हा काळ चांगला आठवत असेल. स्वस्त कर्जाने घर स्वस्त होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक ग्राहकाची बोली लावण्याची शक्ती वाढली, जमीन मात्र तेवढीच राहिली, आणि किमतींनी ती वाढीव शक्ती गिळून टाकली. पाम बीच मार्गालगतचे उंच मनोरे याच काळाची निर्मिती होत. सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी उभारलेल्या सीवूड्स इस्टेट या वसाहतीने त्यापूर्वीच या किनाऱ्याची पत ठरवून दिली होती.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म होता. निश्चित व्याजाची जागा बदलत्या व्याजाने घेतली. त्यामुळे मुंबईत बसणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाचा नेरूळच्या स्वयंपाकघराशी थेट संबंध जोडला गेला. जुलै २००८ मध्ये रेपो दर ९ टक्के झाला. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर उतरला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत पुन्हा साडेसहा टक्के झाला आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खाली आणला गेला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडावी लागल्याने हे चढउतार अधिक वेगाने घरात पोहोचू लागले.

साध्या गणिताने हे स्पष्ट होईल. एखाद्या जोडप्याने २०२१ मध्ये ६.७ टक्के दराने वीस वर्षांसाठी १ कोटी रुपयांचे कर्ज घेतले असे समजू. नेरूळमध्ये दोन शयनगृहांची नवी सदनिका कोटीच्या आत क्वचितच मिळते, हे लक्षात घेता ही रक्कम अवास्तव नाही. मासिक हप्ता सुमारे ७५,७४० रुपये येतो. दर ९ टक्के झाल्यास १ कोटीवरील एका महिन्याचे केवळ व्याजच ७५,००० रुपये होते. जुनाच हप्ता चालू ठेवला तर मुद्दल जेमतेम सातशे रुपयांनी कमी होईल आणि कर्ज फिटण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागतील. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जदारांना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा निश्चित दराकडे वळणे असे पर्याय देण्याचे निर्देश बँकांना दिले, त्यामागे हीच परिस्थिती होती.

साडेआठ टक्के दराने हाच हप्ता ८६,७८२ रुपये होतो. वीस वर्षांत परतफेड २ कोटी ८ लाखांच्या वर जाते. पहिल्या वर्षातील व्याजच सुमारे ८ लाख ४२ हजार रुपये असते, तर आयकरातील वजावटीची २०१४ मध्ये ठरलेली मर्यादा २ लाख रुपये आहे. पती-पत्नी दोघे सहमालक व सहकर्जदार असले तरी जुन्या करप्रणालीत ४ लाख. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी तीही मिळत नाही. दोघांचे मिळून हाती येणारे वेतन २ लाख २० हजार मानले तरी चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच निघून जाते. पुढे इमारतीचा देखभाल खर्च येतो. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, सुरक्षारक्षक, लिफ्ट आणि जनरेटर असलेल्या संकुलात तो दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेला आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून अधिक असली की त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. घर विकत घेतलेले असले, तरी त्यात राहण्यासाठी दरमहा जवळजवळ भाडेच भरावे लागते.

यानंतरचे खर्च ऐच्छिक म्हणावेत की अनिवार्य, हा खरा वादाचा मुद्दा आहे. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणाचे दार उघडले आणि नेरूळ स्वतःच त्या धोरणातून वाढलेले शैक्षणिक केंद्र बनले. ज्या पदवीला पूर्वीच्या पिढीने नाममात्र शुल्क दिले, त्याच पदवीसाठी आज पालक मूल पाचवीत असल्यापासून पैसे बाजूला टाकतात. निवृत्तीचेही तसेच झाले. केंद्र शासनाच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. खासगी क्षेत्रात तर तेवढेही नव्हते. चाळिशीतील अभियंता म्हातारपणासाठी गुंतवणूक करतो तेव्हा ती चैन नव्हे. त्याच्या वडिलांसाठी जी जबाबदारी मालकाने किंवा शासनाने उचलली होती ती आता त्याच्या वहीत आली आहे. त्याच वडिलांचे रुग्णालयाचे बिलही पुष्कळदा तेथेच असते.

अमेरिकेतील एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००३ मधील ‘द टू-इन्कम ट्रॅप’ या ग्रंथात असाच उलगडा केला होता. चांगल्या शाळांच्या परिसरातील घरांसाठी दोन पगारांची कुटुंबे एकमेकांविरुद्ध बोली लावतात, किमती चढतात, आणि पूर्वी संकटकाळी पत्नीने नोकरी धरून घर सावरण्याचा जो राखीव मार्ग होता तो आधीच खर्ची पडलेला असतो. नेरूळला हे विवेचन बऱ्याच अंशी लागू पडते. गिरगावच्या कुटुंबात पगार एक आणि हात राखीव होते. येथे पगार दोन, पण दोन्ही गहाण. एकाची नोकरी सहा महिने गेली तर मोटार विकून भागत नाही.

सापेक्षतेचा प्रश्न

येथवरच्या विवेचनाने नेरूळच्या कुटुंबाची बाजू पुरेशी मांडली गेली आहे. आता दुसऱ्या पारड्यात काही टाकणे आवश्यक आहे. केंद्र शासनाच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार नागरी भारतात दरडोई सरासरी मासिक खर्च ६,९९६ रुपये होता. चार माणसांच्या कुटुंबाला हा हिशेब लावल्यास सुमारे २८,००० रुपये होतात. वर उल्लेखिलेला एकटा हप्ता त्याच्या तिपटीहून अधिक आहे. ज्याची ओढाताण अशा आकड्यावर उभी आहे, तो आपली तुलना देशाच्या सरासरीशी करीत नाही. जेम्स ड्यूझेनबेरी यांनी १९४९ मध्ये दाखवल्याप्रमाणे कुटुंबाचा उपभोग त्याच्या निरपेक्ष उत्पन्नावर ठरत नाही, तर भोवतालच्यांच्या तुलनेत आपण कोठे आहोत यावर ठरतो. एकाच लिफ्टमधून सिंगापूरला सुट्टीसाठी गेलेले कुटुंब उतरते, तेव्हा महाबळेश्वरची सहल कमी वाटू लागते. हा भाग नाकारता येणार नाही आणि त्याला नगररचना जबाबदार धरता येणार नाही.

तसेच हप्ता हा निव्वळ खर्च नव्हे. त्यातील मुद्दलाचा भाग मालमत्ता निर्माण करतो आणि किंमत वाढली तर वीस वर्षांनंतर त्या कुटुंबाकडे मोठी संपत्ती असते. म्हणून त्याला ‘गरीब’ म्हणणे हा शब्दाचा अपमान ठरेल. परंतु ती संपत्ती भिंतींत अडकलेली आहे. तिच्यातून रुग्णालयाचे बिल देता येत नाही. २०२२-२३ मध्ये देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत घसरली, आणि तो कित्येक दशकांतील नीचांक होता. घर वाढत गेले आणि हातची रोकड आटली.

गावठाणाच्या बाजूने

नेरूळच्या जमिनीची किंमत प्रथम कोणी भरली, हा प्रश्न मनोऱ्यातील हप्त्याच्या चर्चेत सहसा येत नाही. सारसोळे, कुकशेत, करावे, दारावे, शिरवणे आणि नेरूळ गाव येथील आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी या नगराखाली गेली. मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. सार्वजनिक सोयींसाठीची वजावट जाता प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती पडत. त्यातील कित्येक भूखंड सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांच्यातील त्रिपक्षीय करारांद्वारे बांधकाम व्यावसायिकांकडे गेले, आणि त्यांवरही इमारती उभ्या राहिल्या.

गावठाणांभोवती वाढत्या कुटुंबांनी जी घरे बांधली त्यांना शासकीय पत्रव्यवहारात ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव आहे. ती नियमित करण्याचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. या घरांच्या वरच्या मजल्यांवरील खोल्या भाड्याने दिल्या जातात. मनोऱ्यात धुणीभांडी, स्वयंपाक, पहारा आणि मुले सांभाळणे ही कामे करणाऱ्यांना परवडणारा निवारा नेरूळमध्ये प्रामुख्याने याच वस्त्यांत मिळतो. नियोजित नगरात त्यांच्यासाठी भाड्याची घरे नव्हती. ती गावकऱ्यांनी, परवानगीवाचून, पुरवली. ती खोली नसती तर बाईचा पगार वाढवावा लागला असता किंवा तिला मानखुर्दहून यावे लागले असते. दोन पगारांच्या कुटुंबाचा दुसरा पगार या खोल्यांच्या आधाराने उभा आहे. संकुलाच्या सभेत मात्र त्याच वस्तीला ‘अनधिकृत’ म्हटले जाते. बाईच्या पगारात वर्षाला पाचशे रुपयांची वाढ देताना जी घासाघीस होते ती करणारा माणूस दुष्ट असतो असे नाही. त्याच्या हिशेबातील हप्ता, देखभाल खर्च आणि फी यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. ज्याच्याशी घासाघीस करता येते असा एवढाच खर्च उरलेला असतो. ओढाताण अशा रीतीने एक पायरी खाली ढकलली जाते.

स्थानकापलीकडची पिढी

सिडकोच्या जुन्या इमारतींत राहिलेली पहिली पिढी आज निवृत्त आहे. छतांचे गिलावे पडू लागल्यावर पुनर्विकासाची मागणी पुढे आली आणि २०१५ मध्ये धोकादायक इमारतींसाठी अडीच चटईक्षेत्र निर्देशांक मान्य झाला. सोडतीतील लहान घराच्या जागी मोठी सदनिका मिळण्याच्या आशेबरोबर नवी चिंताही आली: निवृत्तिवेतनातून नव्या मनोऱ्याचा देखभाल खर्च कसा पेलावयाचा? काहींनी घर विकून पनवेलपलीकडे जाण्याचा हिशेब केला. हस्तांतरणासाठी सिडकोला द्यावयाचे शुल्क त्या हिशेबात धरावे लागतेच, कारण जमीन अजून भाडेपट्ट्याचीच आहे.

त्यांच्या मुलांपैकी ज्यांचे वेतन वडिलांच्या शेवटच्या वेतनाच्या कितीतरी पट आहे, त्यांनाही नेरूळमध्ये घर घेणे जमत नाही. त्यांच्यासाठी सिडको आता तळोजा, खारघर, उलवे, द्रोणागिरी येथे बांधकाम करते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत अल्प उत्पन्न गटासाठी खारघर स्थानकाजवळील घराची किंमत सुमारे ९७ लाख आणि वाशीतील घराची सुमारे ७४ लाख होती. या गटाची सुरुवात वार्षिक ६ लाख रुपयांच्या उत्पन्नापासून होते. १९७३ च्या आराखड्यातील तफावत कमी करण्याचा उद्देश आणि हे आकडे एकाच संस्थेच्या कागदपत्रांतले आहेत. नेरूळहून उरणकडे जाणारा लोहमार्ग जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला. त्याच दिवशी अटल सेतूचेही उद्घाटन झाले. त्यापूर्वीच उलव्यातील भूखंडांचे भाव चढू लागले होते.